कागदी लिंबाचा हिशेब

मुंबई सरकारच्या १६९४ सालच्या हुकूमवहीत एक नोंद आहे. शहरातल्या खानावळीत कोणी पंच प्यायला आला, तर त्याला एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबाचा रस मागून घेण्याचा हक्क होता. पंच त्याने स्वतःच्या हाताने कालवायचा. भांड्यावर बाजाराच्या कारकुनाचा शिक्का नसेल, तर गिऱ्हाइकाने ते खुशाल फोडावं आणि भांड्याचे किंवा पंचचे पैसेही देऊ नयेत, असं त्या हुकमात होतं. ग्राहकहक्काचा हा जुना दाखला मला फार आवडतो. पण आज घरी ताज्या लिंबाचं कॉकटेल करू पाहणाऱ्याने त्यातलं प्रमाण जास्त नीट वाचायला हवं.

आजच्या मापात क्वार्ट म्हणजे लिटरला थोडा कमी, अर्धा पौंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम आणि अर्धा पिंट म्हणजे पावलिटरच्या जवळपास. म्हणजे चार भाग दारूला एक भाग लिंबाचा रस. अमेरिकन वकील डेव्हिड एम्बरी यांनी १९४८ साली ‘द फाइन आर्ट ऑफ मिक्सिंग ड्रिंक्स’ हे गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यात आंबट कॉकटेलसाठी त्यांनी सुचवलेलं प्रमाण आठ भाग दारू, दोन भाग लिंबू, एक भाग पाक असं आहे. म्हणजे इथेही दारू आणि लिंबू चारास एकच. एम्बरींना कोरडं पेय आवडायचं म्हणून त्यांची साखर कमी, आणि मुंबईकरांना गोड लागायचं म्हणून त्यांची जास्त, एवढाच फरक. मात्र हल्ली पुस्तकांत आणि बारमध्ये सर्रास दिसणारं माप ६० मिली दारू, २२ मिली लिंबू, २२ मिली पाक असं आहे. त्यात लिंबू जवळजवळ दीडपट झालं. हे कसं झालं आणि आपल्या स्वयंपाकघरात कुठलं माप धरावं, या प्रश्नाच्या उत्तरात घरच्या कॉकटेलची बरीचशी विद्या येते.

हे पेय मुळात आपल्याच किनाऱ्यावरचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत पंचचा उल्लेख १६३२ पासून सापडतो. १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तिथल्या इंग्रजांच्या अशाच एका पेयाचं वर्णन केलं आहे. त्यात दारू, गुलाबपाणी, लिंबाच्या जातीचा रस आणि साखर होती. तिथून हे मिश्रण जहाजांवरून लंडनला आणि पुढे अमेरिकेला गेलं. मोठ्या कटोऱ्यातून सगळ्यांनी मिळून प्यायचा पंच एकट्याच्या ग्लासात आला आणि त्याला ‘सावर’, म्हणजे आंबट, म्हणू लागले. १८६२ साली जेरी थॉमस यांनी न्यूयॉर्कमध्ये बारटेंडरांसाठी मार्गदर्शक पुस्तक छापलं, त्यात सावर हा वेगळा वर्ग दिसतो. क्यूबातलं डायकिरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं. जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकन खाण अभियंत्याच्या नावावर ते सांगितलं जातं. मेक्सिकोची मार्गारीटा, पेरूचं पिस्को सावर आणि ब्राझीलची काइपिरिन्हा ही त्याच कुटुंबातली भावंडं. दारू बदलते, पण आंबट आणि गोड यांचा तोल तोच राहतो.

आता लिंबाकडे येऊ. आपल्या मंडईतलं कागदी लिंबू आणि मेक्सिकोत टकीलाबरोबर येणारं छोटं हिरवट लिंबू हे एकच फळ आहे. अरब व्यापारी आणि नंतर स्पॅनिश जहाजं यांनी ते आशियातून तिकडे नेलं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिणेकडल्या बेटांवर त्याच्या बागा होत्या. १९२६ च्या चक्रीवादळात त्या उद्ध्वस्त झाल्या आणि नव्या लागवडीत पर्शियन लिंबू आलं. हे लिंबू मोठं, जाड सालीचं, बिनबियांचं आणि वाहतुकीला सोपं. आज इंग्रजी पुस्तकात ‘लाइम’ असं वाचाल, तेव्हा लेखकाच्या डोळ्यांसमोर बहुधा हेच पर्शियन लिंबू असतं, आणि ‘लेमन’ म्हटलं की पिवळं, लांबट, बोंडाचं. दोन्हींच्या रसात आम्ल सहा टक्क्यांच्या आसपास असतं. आपल्या कागदी लिंबाचं आम्ल जात, हंगाम आणि पक्वता यांप्रमाणे साधारण सहा ते आठ टक्के असतं.

फरक लहान दिसतो, पण ग्लासात तो चांगलाच जाणवतो. सहा टक्क्यांच्या रसाचे २२ मिली घेतले तर पेयात सुमारे १.३ ग्रॅम आम्ल जातं. तेवढंच आम्ल साडेसात टक्क्यांच्या कागदी लिंबातून हवं असेल, तर साडेसतरा मिली पुरतात. बाहेरची कृती तंतोतंत पाळून केलेलं पेय दात आंबवतं ते म्हणूनच. मग माणूस पाक वाढवतो, पेय जड होतं, आणि शेवटी सोडा ओतून प्रकरण मिटवलं जातं. खरं तर लिंबू कमी करायला हवं होतं. चांगल्या कागदी लिंबात पंधरा ते वीस मिली रस निघतो. म्हणून आपल्या घरासाठी मी सोपा हिशेब धरतो: ६० मिली दारू, एक लिंबू, २० मिली पाक. हे माप पुस्तकांपेक्षा १६९४ च्या मुंबईच्या जास्त जवळ आहे, आणि त्यात नवल नाही, कारण लिंबूही बहुधा याच जातीचं होतं.

पाक म्हणजे इथे एकतारी-दोनतारी नव्हे. समान वजनाची साखर आणि पाणी साखर विरघळेपर्यंत कोमट करायचं, बस्स. गार दारूत कोरडी साखर नीट विरघळत नाही, तळाशी बसते, आणि शेवटचा घोट गोड आणि पहिला आंबट होतो. साखरेऐवजी मध घ्यायचा तर दोन भाग मधात एक भाग कोमट पाणी मिसळून आधी पातळ करावा. आणि रमबरोबर काकवी वापरून पाहाच. रम उसाच्या मळीपासून होते, काकवी उसाच्या रसापासून, आणि दोघींच्या मध्ये लिंबू आलं की पांढऱ्या साखरेत न मिळणारी खोली त्या पेयाला येते. काळी रम, एक लिंबू, १५ मिली काकवी. घरी पहिलंच कॉकटेल करणाऱ्याला मी हेच सुचवेन.

ताजेपणाबद्दल बरंच बोललं जातं, त्यात श्रद्धेचा भाग बराच आहे. खरी गोष्ट अशी की रस पिळल्याबरोबर बदलू लागतो. वरचा सुगंध उडतो, हवेने चव मंदावते, कडवटपणा हळूहळू वर येतो. न्यूयॉर्कचे बारतज्ज्ञ डेव्ह अर्नोल्ड यांनी चवीच्या आंधळ्या चाचण्या घेतल्या, तेव्हा तिथल्या अनेक बारटेंडरांना लगेच पिळलेल्या लाइमपेक्षा काही तास झालेला रस जास्त आवडला. त्यामुळे शेवटच्या क्षणी पिळलंच पाहिजे हा हट्ट लिंबापुरता तरी सोडायला हरकत नाही. पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर दुपारी रस काढून, गाळून, काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी मात्र तो सरबतालाच वापरावा.

मोसंबीचं गणित अगदी उलटं. रसवंतीवर मोसंबीचा रस काढून ठेवला की थोड्या वेळात कडू होतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. त्याचं कारण लिमोनिन. फळात ते कडू नसलेल्या रूपात असतं. पेशी फुटून त्याची आम्लाशी गाठ पडली की कडू रूप तयार होऊ लागतं. नागपुरी संत्र्यातही हेच घडतं. म्हणून मोसंबी-संत्र्याचा रस पेय करायच्या क्षणीच काढायचा. बिया भरडल्या जातील किंवा साल रगडली जाईल असं यंत्र त्याला लावायचं नाही. फोडी सोलून, हाताने दाबून, गाळणीतून काढलेला रस सर्वांत गोड राहतो.

पण या दोघांची खरी अडचण कडवटपणा नाही, आम्ल कमी असणं ही आहे. संत्र्याच्या रसात आम्ल एक टक्क्याच्या आत-बाहेर, मोसंबीत त्याहूनही कमी. दारूत मिसळला की हा रस विरून जातो, फक्त गोड पाणी उरतं. परदेशी बारमध्ये यावर उपाय म्हणून संत्र्याच्या रसात सायट्रिक आणि मॅलिक आम्ल घालून तो लिंबाइतका आंबट करतात. अर्नोल्ड यांचं माप लिटरला ३२ ग्रॅम सायट्रिक आणि २० ग्रॅम मॅलिक असं आहे. सायट्रिक ॲसिड आपल्याकडे किराणा दुकानात मिळतं, मॅलिक शोधावं लागतं. माझ्या मते घरी याची गरज नाही. ४५ मिली जिन, ४५ मिली संत्र्याचा रस, अर्ध्याहून थोडं जास्त लिंबू आणि चमचाभर पाक एवढ्याने काम होतं. संत्र्याने सुगंध द्यावा, आंबटपणाचं काम लिंबाकडे सोपवावं. आंबे बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. हंगामाच्या सुरुवातीच्या फळात थोडं जास्त आम्ल असतं, तेव्हाच हे पेय सर्वांत चांगलं होतं.

आणि संत्र्याचं खरं वैभव सालीत आहे. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं नागपुरी संत्रं सोलताना खोलीभर जो वास पसरतो, ते सालीतलं तेल असतं. ते दारूत सहज विरघळतं, पाण्यात नाही. म्हणूनच सुगंध हवा असेल तर रस वाढवण्यापेक्षा सालीला हात घालावा. पांढरा भाग टाळून सालीचे पातळ तुकडे करावेत, त्यांच्या वजनाइतक्या साखरेत चुरावेत आणि झाकून रात्रभर ठेवावेत. साखर तेल ओढून घेते आणि ओलसर, सुगंधी होते. त्यातच लिंबाचा रस घालून ढवळलं की पंचचा पाया तयार. जेरी थॉमस यांच्या काळी साखरेचे खडे लिंबाच्या सालीवर घासून हेच करत असत. कागदी लिंबाची साल फार पातळ असल्याने तिथे हा प्रयोग साधत नाही. तिथे खिसणीवर हलकेच किसून चिमूटभर साल घालणं एवढंच शक्य आहे. ईडलिंबू मिळालं तर मात्र सोडू नये. जाड साल, भरपूर तेल, आणि लोणच्यापलीकडे त्याचा विचारच कोणी करत नाही.

बारवाल्यांच्या जगात अलीकडे सालीवर आम्ल टाकून, तेल सुटू देऊन, मग पाणी घालून ‘सुपर ज्यूस’ करतात. अमेरिकेतल्या निकल मॉरिस यांची ही कल्पना. मूठभर फळांतून लिटरभर आंबट द्रव मिळतो आणि तो बरेच दिवस टिकतो. ज्या बारमध्ये रोज शेकडो लिंबं लागतात, तिथे पैसा आणि कचरा दोन्ही वाचतात. आपल्या घरात मात्र त्यातून फार काही साधत नाही, आणि पातळ सालीच्या लिंबावर तो नीट होतही नाही.

बाटलीबंद रसाची कहाणी थोडक्यात. स्कॉटलंडचे लॉक्लन रोझ यांनी १८६७ साली दारूशिवाय, साखरेत लिंबाचा रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर खलाशांना लिंबाचा रस देणं कायद्याने बंधनकारक झालं, आणि गिमलेटसारख्या पेयांना बाटलीतला गोड रसच मिळाला. विसाव्या शतकात पुढे पावडरी आणि तयार मिश्रणं आली, आणि आंबट कॉकटेलचं नाव खराब झालं. १९८७ साली न्यूयॉर्कच्या रेनबो रूममध्ये बारटेंडर डेल डीग्रॉफ यांनी पुन्हा ताज्याच रसाचा आग्रह धरला, तेव्हापासून वारं फिरलं. आपल्याकडे लिंबू घरोघरी असताना तयार मिश्रणाची बाटली विकत घेण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

साधनांची यादी लहान आहे. ३० आणि ६० मिलीचं माप, लिंबू पिळायचं यंत्र, चहाची गाळणी, आणि घट्ट झाकणाची स्टीलची बरणी. लिंबू आडवं कापावं, बिया सुरीच्या टोकाने काढाव्यात आणि कापलेली बाजू यंत्राच्या भोकांकडे ठेवावी. दाबताना शेवटचा थेंब काढायचा हट्ट धरला की सालीचा कडूपणा उतरतो. बर्फ घट्ट आणि भरपूर हवा. फ्रीजरमधून नुकता काढलेला, मोठ्या खड्यांचा. बरणीत सगळं घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवलं की बर्फ वितळून मूळ मिश्रणाच्या जवळजवळ निम्मं पाणी मिसळतं. ते पाणी पेयाचा भाग आहे. ते धरूनच वरचं माप बसवलेलं असतं. म्हणून बर्फ न घालता फक्त चाखून आंबट-गोड ठरवू नये, हलवल्यानंतर चाखावं. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं, हे आपण सरबत करताना शिकलेलोच आहोत. वर फेस हवा असेल तर परदेशात कच्च्या अंड्याचा पांढरा भाग घालतात. ते नको असेल तर काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी ३० मिली घातलं तरी सुरेख फेस येतो.

भांड्यांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. तांब्याच्या पेल्यात लिंबू घातलेलं पेय द्यायची फॅशन आली आहे. आम्लात तांबं उतरतं. आपल्या आज्या कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात चिंच-ताक ठेवू द्यायच्या नाहीत, ते उगाच नव्हे. पेला आतून स्टीलचा असेल तरच वापरावा.

गोव्यात जे चालतं त्याचा उल्लेख याच ओघात व्हायला हवा, कारण तिथे हे ज्ञान कधीच पुस्तकातून आलं नाही. मार्च ते मे या काजूच्या हंगामात पहिल्या वाफेची उर्राक मिळते. ती फेणीपेक्षा बरीच सौम्य असते. बर्फ, पिळलेलं लिंबू, मीठ, मध्ये चीर दिलेली हिरवी मिरची आणि वर लिंबू-सोड्याचं थंड पेय, अशी ती पितात. उर्राक सौम्य म्हणून ९० मिलीला एक लिंबू हे माप जमतं. त्याच मापाने फेणी ओतली तर डोकं धरून बसायची वेळ येईल. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तिचा वास अनेकांना झेपत नाही. लिंबाचं आम्ल आणि संत्र्याच्या सालीची साखर तो वास दाबत नाहीत, त्याला जागा करून देतात. ४५ मिली फेणी, एक लिंबू, २० मिली संत्र्याच्या सालीचा पाक हे मला आपल्या किनाऱ्याचं अस्सल सावर वाटतं.

इथे कायद्याचं आणि शरीराचं भान हवं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. कडक दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि वय २५ पूर्ण हवं. गोव्यात ती मर्यादा २१ आहे. गोव्यातून बाटली आणायची तर नियम पाहूनच. आंबट-गोड चवीखाली दारू लपते, म्हणून घरच्या एका ग्लासात पूर्ण दोन लहान पेग आहेत हे ओतणाऱ्याने लक्षात ठेवावं आणि पाहुण्याला सांगावं. पपनसाचा रस जिनबरोबर फार छान लागतो. पण पपनस आणि ग्रेपफ्रूट या दोघांतली द्रव्यं काही औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढवतात. कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पिऊ नयेत. आणखी एक, जे फार कमी लोकांना ठाऊक आहे: अंगणात किंवा समुद्रकाठी उन्हात बसून डझनभर लिंबं पिळली तर हातावर फोड आणि काळे डाग उठू शकतात. सालीतली काही द्रव्यं सूर्यप्रकाशात त्वचा भाजतात. पिळणं घरात करावं आणि हात साबणाने धुवावेत.

भावाचा प्रश्न उरतो. एप्रिल-मेमध्ये लिंबं महाग, पावसाळ्यात स्वस्त, हे दरवर्षीचं. श्रीगोंद्याच्या बागाईतदारांना उन्हाळ्यात फळ यावं म्हणून हस्त बहार धरावा लागतो, आणि तो साधणं कठीण, म्हणूनच टंचाई. जुलै-ऑगस्टमध्ये रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर आम्ल जसंच्या तसं राहतं, सुगंध मात्र उतरतो. उन्हाळ्यात तो वापरताना ताज्या लिंबाची थोडी किसलेली साल बरणीत घातली की गेलेला सुगंध बराचसा परत येतो.

आंबटपणाची आकडेवारी आपल्याकडे नाही असंही नाही. राहुरीच्या विद्यापीठाने साई शरबती, परभणीच्या विद्यापीठाने विक्रम आणि प्रमालिनी या कागदी लिंबाच्या जाती दिल्या, तेव्हा रसाचं आणि आम्लाचं प्रमाण मोजूनच दिल्या. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतही हेच काम चालतं. पण मंडईत लिंबू ‘लहान’ आणि ‘मोठं’ एवढ्याच नावाने विकलं जातं. पाटीवर जात आणि बहार लिहिलेला असेल, तर घरी पेय करणाऱ्याला किती पाक घालायचा ते पिळण्याआधीच कळेल. तोपर्यंत प्रत्येक खेपेच्या पहिल्या लिंबाचा थेंब जिभेवर ठेवून माप ठरवावं.